रशीदची छाप नेमकी कुठं होती?

रशीद गेल्याचं सांगायला त्याची थोरली बहीण, जुबेदाआपा, पिंपरीहून थेट माझ्या संकलनाच्या खोलीवर आल्या. "भाऊ, रशीद गेला," एवढंच म्हणाल्या. आणि मी मूर्खासारखं विचारलं, पंखा लावू का?... चाळिसावा झाल्यावर त्या पुन्हा आल्या. "त्याचं अर्धं राहिलेलं पिच्चर तेवढं पुरं करा. पण त्याच्यासारखं झालं पायजे."

त्याच्यासारखं म्हणजे कसं? तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. त्याच्या सगळ्या लघुपटांचं संकलन मी केलं. जाणकार सांगतात, पहिल्या दृश्यातच रशीद ओळखू येतो. अहो, पण कशावरून? कॅमेरामन दर वेळी वेगळा, आणि हा गडी स्वतः कॅमेऱ्यातून कधी बघायचाही नाही!

चिंचवडला कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हा एका कंपनीनं त्याला कामगारांवर लघुपट करायला दिला. चित्रणाच्या सकाळी बघतो तर काय, सगळी शिफ्ट तोंडाला पावडर फासून, लग्नातले कोट घालून हजर! साहेब भडकला. मीही म्हटलं, "कपडे बदलून यायला सांग की राव." रशीद म्हणाला, "त्यांच्या घरचे बघणारेत. राहू दे." बाह्या अडकतील म्हणून त्यानं मशीनं बंद करायला लावली आणि बंद मशीनांशेजारी थाटात उभी असलेली ती माणसं टिपली. कामावरच्या लघुपटात काम कुठंच नाही! याला शैली म्हणायचं की वेडेपणा, मला तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

शेवटचा, अर्धा राहिलेला लघुपट भोसरीकडच्या, शेतात कारखाने आलेल्या लोकांवरचा. त्यात एक म्हातारी सांगते, "जिमीन गेली. पोरगं कंपनीत लागलं. ब्येस झालं." मग गप्प. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून रशीदचा आवाज येतो, "मग?" आणि म्हातारी म्हणते, "मग काय... पहाटं जाग येती अजून. जायाचं कुटं, त्येच कळत न्हाई."

"माझा आवाज काढून टाक," हा रशीदचा कायमचा हुकूम. इतकी वर्षं मी काढत आलो. या वेळीही काढला. तर म्हातारी कुणाशी बोलतेय तेच कळेना. पुन्हा जोडला. त्यानं मला शिव्याच घातल्या असत्या. पण तो आवाज काढला तर त्याच्यासारखं राहतं तरी काय? मला खरंच कळेना. शेवटी आपांनाच बोलावलं.

त्या संकलनाच्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसल्या. रशीदनं लग्न केलं नव्हतं, दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडंच. म्हातारी बोलून गप्प झाली. रशीदनं विचारलं, "मग?"

म्हातारीच्या आधी आपाच बोलून गेल्या, "मग काय, हात धू. ताट वाढलंय."