हेलिकॉप्टरखालची बादली

निघालो ते एका कापडी बिल्ल्यासाठी. आमचे हे नौदलाच्या हेलिकॉप्टर स्क्वाड्रनमध्ये होते. तुकडी प्रशिक्षणासाठी बाहेर गेली की आठवण म्हणून भरतकामाचा बिल्ला काढायचा, ही तिथली रीत. केरळला गेलेल्या तुकडीची यादी ह्यांनीच केली आणि मेकॅनिक कांबळेंचं नाव राहून गेलं. सगळ्यांना बिल्ले मिळाले, कांबळेंना नाही. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त पुढे ह्यांच्याशी बोलणंच सोडलं. आता निवृत्तीच्या रिकामपणात ह्यांना ते टोचायला लागलं.

दुष्काळातल्या मे महिन्यात शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. आम्ही पुण्याहून नांदेडला गेलो. माझं माहेरच ते. आमच्या कॉन्व्हेंटच्या टायवरचे बिल्ले जिथे भरून मिळत, त्या दुकानात आता मुनीरचाचा बसतात. त्यांना ह्यांच्या बिल्ल्याचा फोटो आधीच पाठवला होता. काम सुरेख होतं. फक्त हेलिकॉप्टरखाली तारेला लोंबणारं, पाणबुडीचा आवाज टिपणारं यंत्र असतं, तिथे चाचांनी कडीसकट बादली भरली होती.

"चाचा, बादली?"

"मग? पाणीच काढून राहिलं ना ते?" चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "फोटो धुरकट. आम्ही अक्कल लावली."

उसवून पुन्हा भरायला दोन दिवस लागणार होते, आणि लातूरला राहणाऱ्या कांबळेंनी मोठ्या मिनतवारीनं दुसऱ्या दिवशीची भेट कबूल केली होती. दोनशे रुपये देऊन बादली घेतली.

लातूरला एसटीनं जाणार असाल तर चार तास धरा आणि पाणी सोबत ठेवा. अहमदपूरला सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, खाऊन घ्या. आमच्या मागच्या बाकावर उदगीर जिल्हा व्हावा की नाही, यावर भांडण चाललं होतं.

"जिल्हा झाला की काय येतंय?"

"लई मोठा बोर्ड येतो, मामा."

"आन् नळाला पाणी?"

"ते न्हाई."

लातुरात सध्या पाणी रेल्वेनं येतं. तरी कांबळेंनी काठोकाठ भरलेला तांब्या पुढे ठेवला. "बसा साहेब," एवढंच म्हणाले. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या माझ्या नवऱ्यानं बिल्ला दोन्ही हातांनी पुढे केला.

"कांबळे, यादी मी केली होती. चूक माझी."

कांबळेंनी बिल्ला खिडकीशी नेला. पाठमोरे होऊन उजेडात धरला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत.

"साहेब, तीस वर्षं वाट पाह्यली, आन् बादली?" हसून हसून त्यांना खाली बसावं लागलं. पुसलेले डोळे मात्र नुसत्या हसण्याचे नव्हते.

"दुरुस्त करून पाठवते," मी म्हटलं.

"हात लावू नका मॅडम. लातूरकराला हाच शोभतो."

पुण्यात परतून पंधरा दिवस झाले. हातांवरचा उन्हाचा काळपटपणा अजून उतरला नाही. हे आणि कांबळे रोज फोनवर असतात. इतकं काय बोलतात, देव जाणे. परवा ह्यांनी चाचांकडून स्वतःसाठीही बादलीवाला बिल्ला मागवायचं काढलं. कांबळेंनी साफ नकार दिला.

"न्हाई साहेब. तुमचं नाव यादीत होतं."

हे दिवसभर रुसून बसले होते. पण त्या रुसव्यातही इतकं खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही.