भिंतीअलीकडची माती

उज्वला पगारे एसटीत कंडक्टर. नाशिक–येवला गाडीवर दिवसभर उभं राहून घरी आली, तरी तिचा पाय ठरत नसे. नवरा शेखर म्हणायचा, "अगं, उतरलीस गाडीतून, बस आता." ती बसायची आणि चहा निवायच्या आत उठून मागचं दार उघडायची.

दाराबाहेर कॉलनीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे धातूला क्रोमचा मुलामा देणाऱ्या, आता बंद पडलेल्या प्लेटिंग कारखान्याचं आवार. कर्ज थकलं तसा मालक परागंदा झाला, जागा बँकेनं ताब्यात घेतली, पत्रे आणि यंत्रं भंगारात गेली. माती तेवढी मागे राहिली. क्रोमच्या हौदांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी तिच्यात मुरलं होतं. पावसाळ्यात भिंतीच्या बुडातून पिवळा ओघळ गल्लीत यायचा. बोअरलाही तोच रंग आला, तेव्हा महापालिकेनं हातपंप बंद करून नळ दिला. जागा साफ करायचं मात्र कुणी नाव काढेना. महापालिका म्हणे, जागा बँकेची. बँक म्हणे, घाण मालकाची. अनुदानासाठी एक प्रस्ताव मुंबईला गेला होता, त्याचं पुढं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॉलनीच्या कमिटीचं अध्यक्षपद कुणालाच नको होतं, म्हणून ते उज्वलाच्या गळ्यात पडलं. आणि त्याच वर्षी महेश आहेर आला. मूळचा देवळ्याकडचा, वडील कांद्याच्या व्यापारात, हा नाशकात बिल्डर झालेला. कॉलनीच्या बुद्धविहारात सभा भरली. महेश म्हणाला, "बँकेकडून जागा मी घेतो. माती मी काढतो. इमारती बांधून एक मैदान कॉलनीला सोडतो. फक्त तुमची हरकत नको."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर उज्वला उठली.

"माती काढायचे पैसे आधी महापालिकेकडे जमा कराल का?"

"ताई, असं कुणी करत नाही."

"मग निम्मी काढून निघून गेलात तर?"

महेशनं कागद आवरले. आठवडाभरात त्यानं निरोप धाडला, जागा नको.

त्यानंतर नळावर उज्वला गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. आलेला माणूस हिनं पळवला, एवढंच कॉलनीनं धरून ठेवलं. शेखरही जेवताना मान वर करीनासा झाला. गाडीत तिच्या हातून चुका होऊ लागल्या. निफाडच्या माणसाला येवल्याचं तिकीट दिलं, तो भांडला, आणि तिला त्याचं बोलणं ऐकूच आलं नाही.

सासरे कोंडाजी त्या कारखान्यात हौदांवर होते. त्या वाफेनं त्यांच्या नाकाच्या पडद्याला आतून भोक पडलं होतं, बोलताना बारीक शीळ वाजायची. एका संध्याकाळी ते म्हणाले, "पोरी, तू बरोबर आसशील. पन बरोबर आसून ती माती हालली का?"

"नाही आबा."

"मंग त्याला जाऊन भेट. लय तर काय, नाय म्हनंल."

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती खाकी गणवेशातच नाशकातल्या द्वारका चौकात महेशच्या ऑफिसात गेली. तो एकटाच होता. तिला पाहून उभा राहिला, खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"खरं सांगा, का गेलात?"

महेश पुन्हा खुर्चीत बसला. "माती मी दोघांकडून तपासली होती. एक म्हणाला चार फूट खराब आहे, दुसरा म्हणाला दहा. चार निघाली तर परवडतं. दहा निघाली तर माझं राहतं घर जाईल. हे भरसभेत कसं बोलणार?"

"मला वाटलं, तुम्ही पळून जाणारे."

"गेलोच की."

आता ती बसली. जागेसाठी एवढे पैसे मोजताच कशाला, असं तिनं विचारलं. बँक किंमत उतरवत नाही, तो म्हणाला. मग दोघं मिळून बँकेत गेले.

तिथल्या वसुली अधिकारी सायली बोराडे कंटाळलेल्या होत्या. दोन लिलाव झाले, एकही बोली आली नव्हती. त्या म्हणाल्या, "किंमत तशीच ठेवून त्यातला हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा, तो फक्त मातीवर खर्च व्हावा, उरला तर बँकेला परत यावा, कमी पडला तर बँकेनं आणि घेणाऱ्यानं निम्मा निम्मा सोसावा, असं मी वर कळवलं होतं. वरून विचारणा आली, उद्या कॉलनी कोर्टात गेली तर? तिथं माझं अडलं."

"कॉलनीचं मी बघते," उज्वला म्हणाली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की जे लोक तिच्याशी बोलत नाहीत, त्यांच्याच दारात आता जायचं आहे.

ती गेली. कोंडाजी काठी टेकत बरोबर निघाले. पहिल्या घरी दार अर्धंच उघडलं. सुलाबाई म्हणाल्या, "तवा नको म्हनलीस, आता हो म्हन म्हनतीस." उज्वला म्हणाली, "तेव्हा मी त्याला चोर समजले, मावशी. तो घाबरलेला होता." सुलाबाईंनी कोंडाजींकडे पाहिलं, मग पाण्याचा तांब्या आणला. विहारातल्या दुसऱ्या सभेत टाळ्या वाजल्या नाहीत, पण सगळ्यांनी होकार दिला.

तो होकार लेखी मिळाल्यावर बँकेनं वेगळ्या खात्याची अट मान्य केली आणि महेशनं जागा घेतली. हिवाळ्यात पोकलेन आला. ताडपत्री झाकलेले डंपर पिवळी माती घेऊन घातक कचऱ्याच्या केंद्राकडे जाऊ लागले. बहुतेक आवारात सहा-सात फुटांवर चांगला मुरूम लागला. खात्यातला पैसा पुरला, महेशचं घर वाचलं. फक्त भिंतीकडच्या कोपऱ्यात पिवळं संपेना. ते भिंतीखालून अलीकडे सरकलं होतं, तीन घरांच्या पायाखाली. मधलं घर उज्वलाचं होतं.

सायलीबाईंचा आवाज फोनवर खाली आला. "ते खातं आवारापुरतं आहे हो. भिंतीअलीकडे त्यातला रुपयाही लावता येत नाही."

महेशनं तिला नव्या इमारतीत कमी भावात घर देऊ केलं. तिनं विचारलं, "आणि शेजारच्या दोघांना?" तिघांना देणं परवडणार नाही, तो म्हणाला. मग मलाही नको, ती म्हणाली. घरी शेखर चिडला. म्हणाला, "एकदा तरी आपलं बघ." ती फरशीच्या सांध्यांवरून बोट फिरवत राहिली.

मैदान झालं. कोंडाजी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसू लागले. उद्घाटनाला उज्वलाचा सत्कार ठरला होता. शाल घेऊन ती लगेच मंचावरून उतरली आणि मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या महापालिकेच्या इंजिनिअरला गाठलं.

"तीन घरांच्या मातीचे पैसे कुठल्या खात्यातून निघतील?"

"ताई, आज कार्यक्रम आहे. सोमवारी या."

सोमवारी तिची येवल्याची ड्युटी होती. तिनं रजा टाकली आणि शेजारच्या दोन घरांना सांगायला गेली, की आपल्याला सकाळी महापालिकेत जायचंय.