पुढचं चाक

भाड्याच्या जनरेटरच्या गोदामात सगळे त्याला 'पाना' म्हणत, कारण झोपेतही त्याच्या खिशात एक पाना असे. तिथला सगळ्यात मोठा, चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला जनरेटर ट्रकमागे जोडून न्यायचं काम वर्षानुवर्षं पान्याकडे होतं. त्या धुडाला तो 'बाईसाहेब' म्हणे. बायकोला त्याने इतक्या आदराने हाक मारल्याचं ऐकिवात नाही.

मग गुडघे कुरकुरायला लागले आणि मालकाने बाईसाहेबांना दुसऱ्याच्या हवाली केलं. तो परका असता तर पान्याने गिळलंही असतं. पण तो निघाला धाकटा साडू! ज्याचं कौतुक घरी जेवताना ऐकायचं, त्याचंच आता कामावरही. साडूचे केस दाट, साडूचे गुडघे ठणठणीत, साडू म्हणे भांडीही घासतो. पान्याच्या पोटात इतकं दुखायला लागलं, की त्याने एकदा खरोखरच पोटदुखीचं औषध घेतलं.

आठवडाभर तो साडूशी एक शब्द बोलला नाही. साडू जनरेटर न्यायच्या तयारीला लागला, की हा समोर स्टूल टाकून बसे. एक चूक सापडू दे, मालकाच्या कानावर घालतो आणि माझं काम परत घेतो, एवढंच मनात.

त्या सकाळी साडूने चाचणीनंतर जनरेटरचं इंजिन बंद करून निवू दिलं. पान्याने नाक मुरडलं. साडूने केबल गुंडाळल्या, अर्थिंगची वायर काढली, झाकणं कुलूपबंद केली. ट्रक मागे घेऊन ट्रेलर हुकात अडकवला, पिन घातली, आणि जोड सुटलाच तर दांडा रस्त्यावर आपटू नये म्हणून साखळ्या खालून फुलीसारख्या लावल्या. ही फुली पान्यानेच शिकवलेली, पण साडूची जास्त सुबक आली. पान्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवे, हवा, नट तपासून साडूने चाकांखालचे ठोकळे काढले आणि तो ट्रकमध्ये चढला.

आणि निघताना वर घ्यायचं दांड्याखालचं टेकूचं छोटं चाक तसंच जमिनीवर!

देव पावला! आता पहिल्या खड्ड्यात चाक मोडणार, साडूचं नाक कापलं जाणार. पाना गालात हसला. पण मोडणार ते बाईसाहेबांचं चाक, हे लक्षात येताच तो स्टुलासकट उठला.

"अरे थांब, गाढवा! चाक वर घे! पाय मोडशील तिचा!"

साडूने खिडकीतून डोकं काढलं. "बोललात एकदाचे! मला वाटलं, वाचाच गेली तुमची."

"म्हणजे मुद्दाम ठेवलंस खाली?"

"मग काय करू? ही म्हणते, ताईच्या नवऱ्याला बोलतं केल्याशिवाय घरी येऊ नका."

"आणि मी गप्प बसलो असतो तर?"

साडूने बोटावर किल्ली फिरवली. "ट्रक सुरू कुठे केलाय, दादा? या, तुम्हीच फिरवा चाकाचं हँडल. तुमच्या हाताशिवाय ती हलायची नाही. आणि मग बसा शेजारी, वाट तुम्हाला पाठ आहे."

पान्याने हँडल फिरवलं, चाक वर घेऊन पक्कं केलं आणि कण्हत ट्रकमध्ये चढला. फाटकाशी मालक म्हणाला, "किती समजूतदार हो तुमचे साडू!"

झालं! केस गेले, गुडघे गेले, आता चांगुलपणातही हाच पुढे. पान्याचं पोट पुन्हा दुखायला लागलं. पहिल्याच वळणावर तो म्हणाला, "गिअर चुकला तुझा."

गिअर अगदी बरोबर होता.