सर्व्हर रांगला, पण पान दिसलं

लातूरकरांनो, आज जिंकले मी!

आमच्या क्लासची वेबसाइट मी सांभाळते. उद्याच्या सराव परीक्षेचं सेंटर बघायला सगळे एकदम तुटून पडले आणि सर्व्हर रांगायला लागला. मी सरळ सकाळी साठवलेलं पान दाखवायला लावलं. वर ठळक लिहिलं, "ही सकाळची यादी आहे, ताजी येतेय."

"लोकांना शिळं वाढायलीस व्हय?" क्लासचे सर खवळले.

तेवढ्यात देवणीहून एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा त्यांना फोन आला. "सर, यादी सकाळची हाय म्हणं, पर पोरीचं सेंटर घावलं! बसलो बगा गाडीत."

फोन ठेवून सर म्हणाले, "राहू दे ते पान."

तुम्हीच सांगा, ताजी भाकर अजून तव्यावर असताना दारात आलेल्या भुकेल्याला सकाळची न देता ताटकळत ठेवता का?