पाळीवरून दिसलेलं गाव

लाखनीजवळ हायवे सोडून आत वळलं की हे गाव लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची गावं हसतील, आणि त्यांनी हसावं असं त्यांच्याकडे काही वेगळं चालतं असंही नाही.

या गावात पार्वताबाई राहते. साठी ओलांडलेली, काटक, रोवणीच्या टोळीची पुढारीण. गावातलं निम्मं धान तिच्या टोळीच्या हातांनी लागतं. तोंडाने फटकळ. नवरा चिंधू अगदी उलट, कोणी पायावर पाय दिला तरी 'जाऊ दे व' म्हणणारा. पार्वताबाईने आयुष्यात काही जाऊ दिलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा गावच्या तलावाला दोन तऱ्हा होत्या. गावाच्या बाजूला दगडी पायऱ्या, आणि समोरच्या काठावर, बौद्ध वस्तीच्या बाजूला, मातीची उघडी पाळ. त्या पाळीवर भरली घागर घेऊन ती घसरली आणि तिचा हात मोडला. वस्तीने पायऱ्या मागितल्या. 'पुढच्या साली बघू' हे उत्तर तिने तीन सरपंचांकडून ऐकलं. आता नळ आले, म्हणून गावाच्या मते पायऱ्यांचा विषय मिटला. तिच्या मते मिटलेला नाही, आणि माझ्याही मते नाही.

यंदा धानाची मळणी आटोपल्यावर नागपूरच्या एका कला महाविद्यालयातून चार विद्यार्थी गावात आले. महिनाभर गावात राहायचं, लोकांशी बोलायचं, लोकांचं चित्र लोकांच्याच भिंतीवर काढायचं, त्यावर वर्षाचे मार्क. कल्पना छान आहे, वाद नाही. टीना आणि दोन मुलांची सोय सरपंच भोजराजभाऊंच्या माडीवर झाली. चौथी हर्षा, इकडच्याच शहापूरची. तिचं आडनाव विचारून झालं आणि तिची सोय पार्वताबाईकडे लागली. सोयीचं होतं म्हणे. कोणाच्या सोयीचं, ते कोणी बोललं नाही.

पार्वताबाईला पोरगी आवडली. सकाळी उठून पाळीवर जाऊन बसायची. तलावातली पोयणीची फुलं, पाण्यात उतरणारी ढोरं, पलीकडची घरं, असं काहीबाही काढत राहायची. ग्रामपंचायतीच्या चौकातली लांबलचक भिंत चौघांना मिळणार होती आणि तिच्यावर तलाव काढायचं हर्षाने मनाशी ठरवलं होतं.

मग नागपूरहून सर आले आणि त्यांनी वाटणी केली. चौकातली भिंत तिघांना. हर्षाला विहाराची मागची भिंत, वस्तीच्या आत, जिथे वस्तीबाहेरचं माणूस वर्षातून एकदाही फिरकत नाही. "तू त्यांच्यातलीच आहेस," सर म्हणाले, "ते तुझ्याशी मोकळेपणाने बोलतील. बाबासाहेबांचं छान मोठं चित्र काढ." बोलणं इतकं गोड की अपमान झाला हे समजायलाही वेळ लागावा. हर्षाला वेळ लागला नाही. तिला असल्या गोडव्याची सवय होती.

त्या संध्याकाळी ती ताटावर नुसती बसून राहिली.

"काहून व, भाजी तिखट झाली का?" पार्वताबाईने विचारलं.

"नाही आजी." आणि मग पोरीने सगळं सांगितलं. "बाबासाहेबांचं चित्र काढायला मी कधी नाही म्हणणार नाही. आमच्या घरी पहिलं चित्र मी त्यांचंच काढलं. पण मी काय काढायचं, कुठं काढायचं, हे मले कोणी विचारलंच नाही. बाकी तिघांना विचारलं."

"जाऊ दे व," चिंधू म्हणाला. "भिंत तं भेटली ना."

पार्वताबाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो हात धुवायला उठून गेला.

सकाळी ती टोळीतल्या बायकांना घेऊन चौकात हजर. सर, भोजराजभाऊ, पोरं, सगळे भिंतीला चुना लावण्याच्या गडबडीत.

"सर, आमच्या विहाराची भिंत आमी देत नाई."

सर गोंधळले. "अहो आजी, तुमच्याच वस्तीसाठी करतोय. बाबासाहेबांचं चित्र होणार आहे."

"मंग इथंच काढा ना, चौकात. बाबासाहेब का आमच्या गल्लीपुरतेच हायेत? आमच्या तं घराघरात हायेत ते. ज्यायच्या घरी नाई, त्यायले दिसू द्या."

सरांनी भोजराजभाऊंकडे पाहिलं. भोजराजभाऊ पार्वताबाईच्या पोराच्या वयाचे, पण तिच्याशी एकेरीतच बोलतात. गावात ते कोणाला खटकत नाही. मला खटकतं.

"तसं नाई बाई, तू समजून घे," ते म्हणाले. "चौकात सगळ्या समाजाचे लोक बसतात."

"तेच तं म्हणून राहिली मी."

भोजराजभाऊंनी घाम पुसला आणि पहिल्यांदा हर्षाकडे वळले. "पोरी, तुले आधी काय काढायचं होतं?"

"तलाव."

"मंग तलावच काढ! मधली जागा घे. तलाव तं सगळ्यायचा हाय!"

सरांनीही लगेच मान हलवली. बायका हसत परत निघाल्या. घरी आल्यावर चिंधू म्हणाला, "झालं ना तुया मनासारखं?"

"काय झालं?" पार्वताबाई भडकली. "पोरीचा हात चांगला हाय म्हणून भिंत नाई देली. बाबासाहेब चौकात येऊ नये म्हणून देली. अन् सरपंच म्हणते, तलाव सगळ्यायचा हाय! हात मोडला तवा कोणाचा होता?"

खोटं काहीच नव्हतं त्यात. हर्षा ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाळीवर गेली ती ऊन चढेपर्यंत उठली नाही. पुढचे सगळे दिवस ती सकाळी पाळीवर आणि दुपारी चौकातल्या भिंतीपुढे. मधल्या जागेवर तिने पडदा बांधून घेतला होता.

उद्घाटनाला मांडव पडला, सतरंज्या अंथरल्या. सरांनी भाषण केलं. समाजातल्या सगळ्या घटकांना आपण कसं सामावून घेतलं, ते त्यांनी बराच वेळ सांगितलं. पार्वताबाई ओठ दाबून ऐकत होती. मग पडदा निघाला.

भिंतीवर तलाव होता. अगदी जवळ, माणसाच्या पायाशी यावी तशी ओली पाळ, तिच्यावर घसरत पाण्यात गेलेल्या पावलांच्या खुणा. पुढे पाणी, पोयणीची फुलं, आणि पाण्यापलीकडे, लांब, गाव. दगडी पायऱ्या बोटभर. देऊळ टिचभर. भोजराजभाऊंची माडी काडेपेटीएवढी. लोक पुढे सरकून आपापलं घर शोधायला लागले.

भोजराजभाऊंनी मान इकडून तिकडून वाकवून पाहिलं. "हे उलटं काहून दिसून राहिलं? कोठून काढलं हे?"

"आजीच्या पाळीवरून," हर्षा म्हणाली.

"अवं, इकडून काढायचं ना! आपल्या पायऱ्या किती मस्त हायेत! एवढ्या मोठ्या भिंतीवर हा चिखल काहून काढला?"

हर्षाच्या आधी पार्वताबाई उठली. मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भोजराजभाऊ, तिले तिकडे ठेवली कोणं? तुमीच ना? मंग तिकडून गाव जसं दिसते, तसंच काढलं तिनं. आमी जलमभर असंच पाहून राहिलो. आता तुमीबी रोज पाहा."