फळ्यासमोरचा फोटो

मुलींचे मोबाईल नंबर कसे सांभाळायचे हे शिकवायला मी वेल्ह्याला गेलो आणि सात मुलींचे नंबर मीच जगजाहीर केले. खडूचा वास आला की अजून आठवतं. तरुण मंडळांचे बाराएक कार्यकर्ते शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसले होते. त्यात गुंजवण्याची एक ताई होती, मुलींचा कबड्डी संघ चालवणारी. मोबाईल ओढणीत गुंडाळून बसलेली. “एक नंबर जरी बाहेर गेला ना सर, घरची मान्सं पोरींचा खेळच बंद करत्याल,” ती म्हणाली. मी तिला धीर दिला, दुपारपर्यंत भाषण झोडलं आणि शेवटी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना फळ्यासमोर उभं करून काढलेला फोटो आमच्या संस्थेच्या फेसबुक पेजवर टाकला. सगळे आपापला चेहरा बघून हसत होते. ताई हसेना. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि माणसं सोडून मागचा फळाच न्याहाळू लागली. हिला एवढं काय दिसतंय, म्हणून मीही वाकलो. व्हॉट्सॲप ग्रुप कसा करायचा ते दाखवताना मी तिच्याच मोबाईलमधून फळ्यावर उतरवलेले तिच्या पोरींचे नंबर होते, नावांसकट, माझ्या वळणदार अक्षरात. घाम पुसत मी फोटो डिलीट केला. नशिबाने तोवर तो आम्हीच पाहिला होता. हल्ली कुठलाही फोटो टाकण्याआधी मी त्यातली भिंत वाचतो. त्या दिवशी मात्र ताईने माझ्या हातात ओला फडका ठेवला. “फळा पुसा सर. आन् पुढल्या शिबिराला हितं आमच्या संगं सतरंजीवर बसा.”