नारिंगी कोट

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझा धाकटा भाऊ मधुकर नागपुरात वारला. तार साताऱ्याला पोचली तेव्हा अंत्यसंस्कार झाले होते.

पुढे त्याच्या बिऱ्हाडातून सामान आलं. त्यात बास गिटार, एक नारिंगी कोट आणि एक पोस्टर होतं. मधू दिवसा तार ऑफिसात काम करी आणि संध्याकाळी 'रॉकी आणि ऑरेंज बॉईज' या ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवी, एवढं मला ठाऊक होतं. पोस्टरवर मधोमध रॉकी, मागे तिघे. उंच, किंचित वाकून उभा असलेला मधूच होता. त्याच्या पायाशी नाव छापलं होतं : जॉनी.

थोड्या दिवसांनी पार्टीच्या ड्रमरचं, शंकररावांचं कार्ड आलं. कार्यक्रम ठरला आहे, कोट परत पाठवावा. पार्सल करण्याऐवजी मी शाळेत रजेचा अर्ज दिला. स्टेजवरून एकदा तरी त्याचं खरं नाव घेतलं जावं, एवढंच माझ्या मनात होतं.

वर्ध्याच्या पुढे उन्हाने शिवार पांढरं पडलं होतं. "नागपूर आलं" असं कुणीतरी म्हणालं आणि मी घाईने उतरले. ते अजनी निघालं. हमाल म्हणाला, "बाई, थोडा धीर धरला असता तर बुडाखालची गाडीच घेऊन गेली असती तुमाले." मग रिक्षाने सीताबर्डी गाठली. लॉजखाली पोहे खाल्ले. वर लाल तर्री (तिखट रस्सा) आणि भरपूर सांबार (कोथिंबीर). डोळ्यांतून पाणी आलं. गेल्या महिन्याभरात ते पहिल्यांदाच येत होतं, म्हणून मी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने कळमेश्वरला गेले. शंकरराव तिथल्या कारखान्यात फिटर. सुट्टी झाल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर भेटले. बुटके, टक्कल पडलेले.

"तुमी मधूची ताई. चेहऱ्यावरूनच समजलं. बसा. मी पीटर."

"तुम्ही शंकरराव ना?"

"कारखान्यात शंकर. स्टेजवर पीटर." ते हसले. "पयले तिघं रेल्वे क्वार्टरातले होते. लेस्ली, पीटर, जॉनी. लेस्ली ऑस्ट्रेलियाले गेला. पीटर लगन करून झाशीले. जॉनीची बदली झाली. पण पोस्टर छापाले नावांचा ठोकळा बनून गेला होता. मग जो नवा येईन, त्याले तेच नाव अन् तोच कोट."

मी पिशवीतून कोट काढला. बाहीवर जुन्या शिलाईच्या दोन रेघा होत्या. शंकररावांनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "हा दातांचा डॉक्टर शिकून राहिला होता, तो जॉनी." वरच्या रेघेवर, "हा खरा जॉनी. ठेंगणा होता. मधूसाठी सारी दुमड सोडली, तरी मनगट उघडंच."

"मधूने कधी तक्रार केली नाही?"

"त्यानं कशाचीच केली नाही. एक डाव म्हणे, आईले पोस्टर पाठवावं म्हणतो, पण नाव पाहून आईच विचारीन, हा कोन?"

आई गेली तरी ते पोस्टर घरी आलं नव्हतं. मी चहा संपवला, कोट परत पिशवीत ठेवला आणि स्टेजवर मधूचं खरं नाव घ्यावं हे मागणं सांगितलं. "रॉकी कुठे भेटेल?"

"उमरेडले, बापाच्या घरी. पण ताई, तो आयकनार नाही."

उमरेडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक आमच्या बसच्या पुढे-मागे होते. उतरेपर्यंत माझं पांढरं लुगडं राखी झालं. विणकरांच्या आळीत रॉकीचं घर लगेच सापडलं. लांब केस, लुंगी, आणि समोर पाटोडीच्या (बेसनवड्यांच्या) रश्शाची थाळी. ओसरीवर त्याचे वडील सूत उकलत बसले होते.

मी मागणं सांगितलं. रॉकी जेवायचा थांबला.

"ताई, मधू माह्या भावासारखा होता. पण पब्लिकले जॉनी पायजे. नावं तीच हायत म्हणून पार्टी एक वाटते. एक नाव बदललं का लोकं म्हनतीन, ऑरेंज बॉईज तुटले."

"माझ्या भावाला नाव होतं. एकदाच घ्या."

"कोट आणला काय?"

नाव मिळाल्याशिवाय कोट द्यायचा नाही, असं मी बसमध्ये ठरवलं होतं. पण तेवढ्यात म्हाताऱ्यांनी हात पुढे केला, कापडाची किनार चिमटीत धरली. "हे माह्या मागावरचं हाय," ते म्हणाले. मग मी कोट त्यांच्याच मांडीवर ठेवला.

म्हातारे मुलाकडे वळले. "बाई काय म्हनून राहिली, आयक. तुयं नाव मी रघुनाथ ठेवलं होतं. त्याचं काय केलं गा तू?"

"बाबा, जेवू द्या," रॉकी म्हणाला. मला त्याने हो म्हटलं नाही.

कार्यक्रम रविवारी नागपुरात होता. हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत बसले. मधूच्या जागी एक नवा मुलगा होता. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत येत होत्या. मध्यंतराआधी रॉकीने ओळख सुरू केली. प्रत्येक नावानंतर शंकरराव ड्रम घुमवत.

"गिटारवर, लेस्ली." ड्रम घुमला.

"बासवर, जॉनी."

ड्रम वाजला नाही. रॉकीने मागे पाहिलं. शंकररावांनी काड्या मांडीवर ठेवल्या होत्या.

"बासवर, जॉनी," तो पुन्हा म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "पीटर झोपला काय गा?" लोक हसले. रॉकीने माझ्याकडे पाहिलं आणि माइक खाली घेतला, मग परत वर.

"बासवर मधुकर होता. साताऱ्याचा. मागच्या महिन्यात गेला. आज त्याच्या जागी प्रमोद हाय."

ड्रम घुमला आणि बराच वेळ घुमत राहिला. "अन् हा शंकर," रॉकी म्हणाला. तोच मागचा आवाज पुन्हा आला, "मंग तू कोन गा?"

"मी उमरेडचा रघू," तो म्हणाला, आणि टाळ्या थांबायच्या आत त्याने गाणं सुरू केलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होते. मधू ज्या गावात राहिला ते गाव मी त्याच्या मागे पाहिलं. त्याने बोलावलं तेव्हा कधी परीक्षा होत्या, कधी आजारपण होतं. पण आता तो हॉल, ती आळी, ती टपरी मला ठाऊक आहेत. त्याच्याविषयी कुणी विचारलं तर तो कुठे उभा राहायचा हे मी सांगू शकते.

पोस्टरवर अजून जॉनीच छापतात, असं शंकरराव कळवतात; स्टेजवर मात्र प्रमोदला प्रमोद म्हणतात. कोट नागपुरात आहे. गिटार माझ्या खोलीत आहे. तिच्या चारपैकी तीन तारा शाबूत आहेत.